हिप-हॉप जिथे जन्मलं ती बिल्डिंग विकायला निघाली तेव्हा

केस थोडक्यात अशी. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, मॉरिस हाइट्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या पत्त्यावर १०२ घरांची एक उंच आणि दिसायला अगदी साधी बिल्डिंग आहे. २००७ च्या सुरुवातीला तिथल्या भाडेकरूंना कळलं की मालकाला बिल्डिंग सरकारी भाडे-योजनेतून बाहेर काढायचीय आणि विकायचीय, म्हणजे आज ना उद्या भाडी वाढणार आणि इतकी वर्षं एकमेकांच्या शेजारी काढलेली कुटुंबं गाशा गुंडाळून कुठेतरी लांब जाणार. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा हे बऱ्याच बिल्डिंगांचं चाललं होतं, त्यात नवीन काही नव्हतं. पण या बिल्डिंगमध्ये खाली जो कॉमन हॉल आहे ना, तिथे ११ ऑगस्ट १९७३ च्या रात्री एका अठरा वर्षांच्या पोराने रेकॉर्ड वाजवल्या होत्या आणि त्या तारखेला आज सगळं जग हिप-हॉपचा, म्हणजे रॅप, डीजे आणि ब्रेकडान्स ज्यात येतात त्या कलेचा, वाढदिवस म्हणतं.

म्हणजे पत्ता जगात गाजलेला, आणि त्याच पत्त्यावर राहणाऱ्यांना तिथे राहणं परवडेल की नाही याची खात्री नाही. अशा वेळी नक्की कामाला काय येतं? बिल्डिंगचा इतिहास, कायदा, का शेजारपाजारची एकी? मला ही केस महत्त्वाची वाटते ती यासाठीच. आणि अजून एक कारण आहे, हिप-हॉपचा विषय निघाला की लोक "ब्राँक्सच्या राखेतून उगवलेली कला" असं म्हणून मोकळे होतात, पण १५२० ची कागदपत्रं आणि तिथल्या लोकांनी सांगितलेल्या आठवणी नीट बघितल्या तर वेगळंच दिसतं, आजूबाजूला सगळं जळत असताना जी बिल्डिंग जळली नाही, जिथे भाडं परवडत होतं, जिथे एक हॉल होता जो शाळकरी पोरीलाही भाड्याने मिळत होता, तिथे हे सुरू झालं. गरिबी तर ब्राँक्सभर होती हो, असा हॉल सगळीकडे नव्हता.

आधी तो भाग

ब्राँक्सची वाट कशी लागली हे कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर रॉबर्ट मोझेस नावाच्या अधिकाऱ्याने, जो कधी निवडून आला नाही पण शहराचे रस्ते, पूल, पार्क सगळं ज्याच्या हातात होतं, त्याने ब्राँक्सच्या मधोमध साधारण ७ मैलांचा क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे खोदायला घेतला. १९४८ ला काम सुरू झालं आणि पुढची कितीतरी वर्षं ते चालू होतं. ईस्ट ट्रेमाँट नावाच्या एकाच भागात, फक्त एका मैलासाठी, १,५३० कुटुंबांना घरं सोडावी लागली. तिथे बहुतेक कष्टकरी ज्यू कुटुंबं राहत होती, त्यांच्या बायकांनी मिटिंगा घेतल्या, सिटी हॉलला खेटे घातले, पार्कच्या कडेने रस्ता नेला तर किती घरं वाचतील याचा नकाशाच पुढे ठेवला, पण कोणी दाद दिली नाही. रस्ता झाला आणि दोन्ही बाजूंना धूळ, आवाज आणि रिकामी घरं राहिली.

मग एकामागून एक गोष्टी झाल्या. कारखाने शहराबाहेर गेले. बँकांनी या भागात कर्ज द्यायचं बंद केलं. १९६८ पासून ब्राँक्सच्याच दुसऱ्या टोकाला को-ऑप सिटी नावाची १५ हजारांवर घरांची प्रचंड वसाहत उघडली आणि ज्यांना जमलं ती मध्यमवर्गीय कुटुंबं तिकडे गेली. मागे ज्या जुन्या बिल्डिंगा राहिल्या त्यांच्या मालकांना दुरुस्तीत पैसा घालण्यापेक्षा विम्याचे पैसे घेणं फायद्याचं वाटायला लागलं, काहींनी तर आग लावायला माणसं ठेवली, आणि त्याच वर्षांत शहराने पैसे वाचवायला म्हणून फायर स्टेशनं बंद केली तीही नेमकी याच भागांतली जास्त. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्समधल्या ७ सेन्सस विभागांतल्या ९७ टक्क्यांहून जास्त बिल्डिंगा आगीत नाहीतर ओसाड पडून गेल्या, आणि ४४ विभागांतल्या निम्म्याहून जास्त. १९७० ला ब्राँक्सची लोकसंख्या १४ लाख ७१ हजार होती, १९८० ला ती ११ लाख ६९ हजारावर आली. तीन लाख माणसं कमी. एवढी माणसं निघून जातात तेव्हा त्यांच्याबरोबर किराणावाला जातो, चर्चचा कोरस जातो, पोरांना ओरडणारी वरच्या मजल्यावरची म्हातारी जाते, शेजार म्हणून जे काही असतं ते सगळंच जातं.

उरलेल्या पोरांनी गँग बनवल्या. ब्लॉक-ब्लॉकच्या हद्दी ठरलेल्या, जॅकेटच्या पाठीवर गँगचं नाव, चुकीच्या रस्त्यावर चुकीचं जॅकेट म्हणजे मार. डिसेंबर १९७१ मध्ये घेटो ब्रदर्स या गँगचा कॉर्नेल बेंजामिन, ज्याला सगळे ब्लॅक बेंजी म्हणायचे, दोन गटांचं भांडण मिटवायला गेला आणि तिथेच मारला गेला. सगळ्यांना वाटलं आता रक्तपात होणार. पण घेटो ब्रदर्सने बदला घ्यायचा नाही असं ठरवलं आणि ८ डिसेंबरला हो अव्हेन्यूवरच्या बॉइज क्लबमध्ये कितीतरी गँगा एकत्र बसल्या, तह झाला. तो तह पूर्णपणे टिकला असं नाही. पण त्यानंतर पोरांना एका भागातून दुसऱ्या भागात पार्टीला जाणं हळूहळू जमायला लागलं, आणि हे झालं नसतं तर दीड वर्षाने सेजविक अव्हेन्यूच्या पार्टीची हवा बिल्डिंगच्या बाहेर गेली असती का, मला तरी शंका आहे. हिप-हॉपच्या इतिहासात या मिटिंगला दोन ओळी मिळतात, मिळायला पाहिजेत त्याहून फारच कमी.

बिल्डिंग आणि तिची योजना

१५२० सेजविक ही १९६० च्या दशकाच्या शेवटी बांधलेली, म्हणजे पार्टी झाली तेव्हा नवीच म्हणायची. हार्लेम नदीच्या काठाजवळ, खालून मेजर डीगन एक्सप्रेसवे जातो आणि क्रॉस ब्राँक्स तिथेच जवळ येऊन मिळतो. ही बिल्डिंग मिचेल-लामा योजनेत होती. १९५५ चा न्यूयॉर्क राज्याचा कायदा, ज्या दोन आमदारांनी आणला त्यांच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे म्हाडाची घरं जशी ठरावीक उत्पन्नाच्या लोकांसाठी असतात तसाच विचार, फक्त बांधणारा आणि मालक खासगी. सरकार त्याला कमी व्याजाचं कर्ज देणार, टॅक्समध्ये सूट देणार, आणि बदल्यात त्याने नफा मर्यादित ठेवायचा, भाडं सरकारला विचारून ठरवायचं, घरं मध्यम आणि कमी कमाईच्या कुटुंबांना द्यायची.

योजनेत एक दार उघडं ठेवलेलं होतं. २० वर्षांनी मालकाने कर्ज फेडलं की तो योजनेतून बाहेर पडू शकतो. ५० च्या दशकात असं वाटलं असेल की २० वर्षांनी कोण बाहेर पडायला बघणार, पण ९० नंतर न्यूयॉर्कमधल्या जागेचे भाव असे चढले की मालकांची रांग लागली. आपली केस याच दारातून आत येते, पण त्याआधी ती पार्टी.

कॅम्पबेल कुटुंब

क्लाइव्ह कॅम्पबेलचा जन्म १९५५ चा, जमैकातल्या किंग्स्टनचा. तिथे गल्लीबोळात साउंड सिस्टीम लागायच्या, म्हणजे माणसाच्या उंचीच्या स्पीकरच्या भिंती, ट्रकवरून आणायच्या, रस्त्यात लावायच्या, आणि माइकवर एकजण रेकॉर्डवर बोलत लोकांना चढवत राहणार. लहान पोरांना आत सोडत नसत, पण बाहेरून बॉक्स उतरवताना बघता येई आणि आवाज तर अंगातून जाई. आई नर्सिंगसाठी आधीच न्यूयॉर्कला आली होती, क्लाइव्ह १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये आला, बारा वर्षांचा. शाळेत त्याच्या बोलण्याला पोरं हसायची, मग त्याने रेडिओ आणि रेकॉर्ड ऐकून ऐकून अमेरिकन बोलणं उचललं. बास्केटबॉल खेळताना दणकट अंगामुळे पोरं हर्क्युलिस म्हणायला लागली, भिंतींवर तो कूल नावाने लिहायचा, दोन्ही जोडून झाला कूल हर्क. बाहेरून आलेल्या पोराने स्वतःच्या नावाने भागात ओळख मिळवली, आणि हिप-हॉपमध्ये पुढे नावाला एवढी किंमत आली ती इथूनच सुरू होते असं मला वाटतं.

त्यांच्या आधीच्या घराला आग लागली होती. कुटुंब काही काळ ग्रँड कॉनकोर्सवरच्या एका हॉटेलात राहिलं आणि मग सेजविक अव्हेन्यूला आलं. म्हणजे आगीतून निघालेल्या कुटुंबाला जळणार नाही असं घर मिळालं, त्यामागे सरकारी कर्ज आणि भाड्याचा नियम होता.

वडील कीथ कॅम्पबेल एका स्थानिक बँडचं साउंडचं काम बघायचे आणि त्यांनी त्यासाठी शूर कंपनीची पीए सिस्टीम, म्हणजे माइक-स्पीकरचा संच, घेतली होती. सिस्टीम चांगली, पण पाहिजे तेवढा आवाज देत नव्हती. क्लाइव्हने वायरी स्वतःच्या पद्धतीने जोडून बघितल्या, मधले टप्पे गाळून सरळ अँप्लिफायरला लाइन दिली, आणि एकदम आवाज फुटला. वडिलांनी आधी रागवून विचारलं म्हणे, मग त्यांना कळलं पोराने काय केलंय आणि ठरलं की बँडच्या मधल्या ब्रेकला तू रेकॉर्ड वाजवायच्यास, आणि सिस्टीम तुझ्या पार्टीलाही वापर.

११ ऑगस्ट १९७३

पार्टी हर्कची नव्हती, हे आधी सांगतो. पार्टी सिंडीची होती, त्याच्या धाकट्या बहिणीची. शाळा सुरू होणार होती, तिला कपडे घ्यायचे होते आणि ते फोर्डहॅम रोडवरचे नको होते जे सगळ्यांच्या अंगावर दिसायचे, तिला मॅनहॅटनमध्ये डिलान्सी स्ट्रीटला जाऊन घ्यायचे होते. उन्हाळी कामाचे पैसे पुरणार नव्हते. म्हणून तिने हिशोब केला, हॉल भाड्याने घेतला, सोडा, हॉट डॉग, बिअर घाऊक आणलं, आणि इंडेक्स कार्डांवर हाताने आमंत्रणं लिहिली. रात्री ९ ते पहाटे ४. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. डीजे बाहेरचा आणायला पैसे कुठले, घरात भाऊ आहे ना. मुलींना कमी तिकीट ठेवलं की मुली येतात आणि मुली आल्या की मुलं येतात, हे तिला त्या वयात कळत होतं. हिप-हॉपची पहिली प्रमोटर ही एक शाळकरी मुलगी होती आणि तिचं नाव अजूनही भावाच्या नावाच्या मागे येतं, मला ते खटकतं.

आई-वडील तिथेच होते, खाण्याकडे आणि दाराकडे लक्ष ठेवून. म्हणून इतर आयांनी पोरींना पाठवलं, आणि म्हणून मारामारी झाली नाही. त्या काळात क्लबमध्ये जायचं तर गँग आडवी यायची, त्यात वय कमी, पैसे नाहीत, मग पोरांनी जायचं कुठे? बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये, जिथे आई ओळखीची आहे. हर्कने आधी जमैकन रेकॉर्ड लावल्या, लोकांना मजा येईना, मग त्याने फंक आणि सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांचं ठेक्याचं संगीत, लावलं आणि हॉल पेटला. त्याचा मित्र कोक ला रॉक माइक घेऊन मित्रांची नावं पुकारायला लागला, अमका आलाय, तमकी आलीय, एवढंच. कविता वगैरे काही नाही. पण ज्या भागाचं नाव पेपरात फक्त आग आणि खुनाच्या बातमीत यायचं तिथल्या पोराचं नाव दणदणीत स्पीकरमधून त्याच्याच शेजाऱ्यांसमोर घेतलं जातंय, याचा अर्थ त्या पोराला काय वाटला असेल याचा विचार करा. आजही रॅपर आधी आपलं नाव, मग आपला एरिया सांगतो, त्याचं मूळ इथे आहे.

आता ज्याला लोक हर्कचा शोध म्हणतात ते या एका रात्रीत झालं नाही, पुढच्या पार्ट्यांमध्ये झालं. त्याने बघितलं की नाचणारी पोरं गाणंभर थांबून असतात आणि गायक गप्प होऊन फक्त ड्रम आणि बास उरतो तेवढ्या काही सेकंदांत तुटून पडतात. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात. मग तो म्हणाला असेल की सगळं गाणं हवंय कशाला. एकाच रेकॉर्डच्या दोन कॉपी घ्यायच्या, दोन टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रांवर, ठेवायच्या, एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर सुई बरोबर ब्रेकच्या सुरुवातीला टाकायची, तोवर पहिली मागे आणायची, असं करत १० सेकंदांचा तुकडा ५ मिनिटं चालवायचा. याला त्याने मेरी-गो-राउंड नाव दिलं. जेम्स ब्राउन, इन्क्रेडिबल बाँगो बँड, असल्या रेकॉर्ड त्याच्या पेटीत असायच्या. आणि रेकॉर्डवरची लेबलं तो पाण्यात भिजवून काढून टाकायचा म्हणजे दुसऱ्या डीजेला कळू नये कुठली रेकॉर्ड आहे, ही अक्कल वडिलांची. ब्रेकवर नाचणाऱ्या पोरांना तो बी-बॉय म्हणायला लागला.

हे सगळं एकट्या हर्कने केलं असं मी म्हणत नाही. भिंतीवर नावं लिहिणं आधीपासून चालू होतं, मॅनहॅटनमधले डिस्को डीजे दोन रेकॉर्ड जोडायला शिकलेले होते, माइकवर बोलणं जमैकातही होतं आणि ब्लॅक रेडिओवरही. १५२० मध्ये हे सगळे धागे एका जागी, एका वयाच्या, एकमेकांना ओळखणाऱ्या पोरांच्या हातात आले.

हॉल लवकरच अपुरा पडला. जवळच्या सीडर पार्कमध्ये पार्ट्या व्हायला लागल्या, वीज रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून घ्यायची. मग क्लब आले. दक्षिण ब्राँक्समध्ये बार्बाडोसहून आलेल्या कुटुंबातला जोसेफ सॅडलर, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश, याने हर्कची पद्धत घेऊन तिला तांत्रिक सफाई दिली, ग्रँड विझर्ड थिओडोरने स्क्रॅच आणला, म्हणजे सुईखालची रेकॉर्ड हाताने मागेपुढे करून आवाज काढणं. १९७७ ला एका पार्टीत हर्कला चाकू लागला आणि तो मागे पडत गेला. १९७९ ला 'रॅपर्स डिलाइट' रेकॉर्ड आली आणि देशभर गाजली, ती बनवणारी कंपनी न्यू जर्सीची, सेजविक अव्हेन्यूच्या हॉलमधलं कोणी तिच्यात नव्हतं. पैसा त्या भागाला वळसा घालून गेला. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

२००७: भांडण

आता परत केसवर. मालकाचा इरादा कळल्यावर भाडेकरू संघटनेने हातपाय हलवले. अर्बन होमस्टेडिंग असिस्टन्स बोर्ड नावाची संस्था, जी न्यूयॉर्कमध्ये भाडेकरूंना बिल्डिंग टिकवायला नाहीतर स्वतःच विकत घ्यायला मदत करते, ती सोबत आली. भाडेकरूंना स्वतः खरेदी करायची इच्छा होती, पण बाजारभावाशी टक्कर देणं त्यांच्या आवाक्याबाहेर होतं. मग त्यांनी कॅम्पबेल भावंडांना बोलावलं, आणि हर्क आणि सिंडी दोघंही आले. सिनेटर चक शूमर आले. ५ जुलै २००७ ला राज्याच्या ऐतिहासिक वारसा विभागाने मान्य केलं की ही बिल्डिंग हिप-हॉपचं जन्मस्थान आहे आणि वारसा यादीत यायला पात्र आहे.

बातम्या जगभर गेल्या. सगळ्यांना वाटलं वाचली बिल्डिंग. पण इथेच या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. वारशाची मान्यता खासगी मालकाला बिल्डिंग विकण्यापासून थांबवत नाही आणि भाडं तर ती ठरवतच नाही. म्हणजे बिल्डिंग तशीच राहील, फलक लागेल, टुरिस्ट फोटो काढतील, आणि आत राहणारी माणसं बदललेली असतील. भाडेकरूंना हे लवकर कळलं, त्यांना फलक नको होता, त्यांना भाडेपावती हवी होती तीच.

खरा अडसर घातला तो हिशोबाने. मिचेल-लामा बिल्डिंग योजनेत असताना विकायची तर शहराच्या गृहनिर्माण खात्याची परवानगी लागते. खात्याने प्रस्तावित किंमत बघितली. १०२ घरांची कायद्याने ठरलेली भाडी बेरजेला घ्या, त्यातून हीटिंग, पाणी, लिफ्ट, टॅक्स, दुरुस्ती, पगार वजा करा, जे उरतं त्यात एवढ्या किमतीच्या कर्जाचा हप्ता बसतो का? बसत नव्हता. म्हणजे खरेदीदाराचं गणित एकतर भाडी वाढवून सुटणार होतं नाहीतर दुरुस्ती बंद करून. २००८ च्या सुरुवातीला शहराने ती विक्री नाकारली, कारण ती किंमत परवडणाऱ्या घरांच्या वापराशी जुळत नाही. मला या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात भारी कागद वाटतो.

पण नकार कायमचा नसतो. त्याच वर्षी पुढे बिल्डिंग एका गुंतवणूकदार गटाकडे गेलीच. १९७४ च्या आधीची बिल्डिंग असल्यामुळे दुसऱ्या भाडेकायद्याचं थोडं छत्र होतं, पण डागडुजी होईना आणि बिल्डिंगची अवस्था घसरत गेली. हे एकट्या १५२० चं नव्हतं. २००५ ते २००८ च्या काळात न्यूयॉर्कभर गुंतवणूकदारांनी भाडे-नियंत्रित बिल्डिंगा अव्वाच्या सव्वा कर्ज काढून घेतल्या होत्या, जुने भाडेकरू लवकर जातील या भरवशावर. मॅनहॅटनमधली स्टायव्हसंट टाउन आणि पीटर कूपर व्हिलेज ही ११ हजारांवर घरांची वसाहत २००६ ला ५.४ अब्ज डॉलरला घेतली गेली आणि जानेवारी २०१० मध्ये मालकांनी हात वर करून ती कर्ज देणाऱ्यांच्या ताब्यात दिली. भाडेकरू गेलेच नाहीत, आणि २००८ ला बाजार कोसळला.

१५२० ला हाच बाजार कोसळणं कामी आलं. बिल्डिंगवरचं कर्ज अडचणीत होतं, बँकेला त्यातून सुटायचं होतं. २०१० मध्ये शहराने कर्ज दिलं आणि परवडणाऱ्या घरांचं काम करणाऱ्या विन डेव्हलपमेंट आणि वर्कफोर्स हाउसिंग अॅडव्हायझर्स यांनी बँकेकडून ते गहाणखत विकत घेतलं, आणि त्या रस्त्याने बिल्डिंग त्यांच्याकडे आली, दुरुस्तीही हाती घेतली गेली. आधी कर्ज घ्यायचं, मग बिल्डिंग, ही पद्धत फार कमी लोकांना माहीत असते पण भाडेकरूंच्या बाजूने लढणाऱ्याने शिकून ठेवावी अशी आहे, कारण बुडीत कर्ज बिल्डिंगपेक्षा स्वस्त मिळतं.

माझं मत

वारशाचा काहीच उपयोग झाला नाही असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे. हिप-हॉपचं नाव नसतं तर सिनेटर आले नसते, शहराने तीन-साडेतीन वर्षं या एका बिल्डिंगवर लक्ष ठेवलं नसतं. ब्राँक्समध्ये असल्याच अवस्थेतल्या बिल्डिंगा होत्या ज्यांच्या हॉलमध्ये कोणी प्रसिद्ध झालं नाही आणि त्या कोणाच्या खिजगणतीत नव्हत्या, हे मला फार लागतं. पण नावाने मिळाला तो वेळ. त्या वेळात संघटना टिकली, मिटिंगा होत राहिल्या, वकील आणि संस्था कागद बघत राहिल्या, म्हणून बाजार पडला तेव्हा बिल्डिंगमध्ये अजून तेच लोक होते.

मुंबईशी याचा खरा संबंध आहे तो इथे. धारावी, कुर्ला, अंधेरीच्या गल्ल्यांतून जे रॅप गेल्या दहा-पंधरा वर्षांत आलं त्यात एरियाचं नाव घेणं आहेच, पण मराठीत आणि हिंदीत रॅप करणाऱ्या स्वदेसी या ग्रुपने २०१९ मध्ये मुंबईतल्या आरे जंगलातल्या वारली पाड्यांच्या जमिनीवर गाणं केलं, त्यात केलटी पाड्याचे प्रकाश भोईर स्वतः गायले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रो कारशेडसाठी रात्रीतून झाडं तोडली गेली. गाण्याने झाडं वाचली नाहीत. पण भोईर त्या गाण्यात सजावट म्हणून नाहीत, ज्यांची जमीन आहे ते स्वतः बोलतात, आणि सेजविक अव्हेन्यूच्या भाडेकरूंनी हर्क आणि सिंडीला बोलावलं तेव्हा तेच केलं होतं, बाहेरच्या कुणा स्टारला आणण्यापेक्षा आपल्याच मजल्यांवर वाढलेल्या माणसांना बोलावलं.

झोपडपट्टी पुनर्विकास असो की जुन्या चाळींचा, आपल्याकडे चर्चा किती स्क्वेअर फूट मिळणार यावरच अडकते. खाली मोकळी जागा राहणार का, पोरांना संध्याकाळी तो हॉल हजार परवानग्यांशिवाय मिळणार का, महिन्याचा मेंटेनन्स त्याच कुटुंबाला पाच वर्षांनी झेपणार का, हे करारात लिहून घ्यायचे मुद्दे आहेत, मिटिंगमध्ये नुसते बोलून सोडायचे नाहीत.

राहता राहिला हर्क. जानेवारी २०११ मध्ये बातमी आली की तो हॉस्पिटलमध्ये आहे, किडनी स्टोनचं ऑपरेशन लागणार आहे आणि त्याच्याकडे हेल्थ इन्शुरन्स नाही. जगभरातल्या चाहत्यांनी पैसे पाठवले. ज्याच्या रेकॉर्ड वाजवण्यातून अब्जावधी डॉलरचा धंदा उभा राहिला त्याच्या वाट्याला त्या धंद्यातलं जवळजवळ काही आलं नव्हतं, १९७९ पासूनचीच गोष्ट. २०१६ मध्ये सेजविक अव्हेन्यूला हिप-हॉप बुलेव्हार्ड हे जोडनाव मिळालं. २०२३ मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा ११ ऑगस्टला यांकी स्टेडियमवर मोठा कार्यक्रम झाला आणि त्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने हर्कला सन्मान दिला. या सगळ्याचा मला आनंदच आहे, पण २०१० ला शहराने दिलेलं कर्ज आणि त्याच्या अटी मला या सगळ्या सन्मानांपेक्षा मोठ्या वाटतात, कारण बिल्डिंगमधल्या लोकांचं भाडं त्या अटींवर ठरतं.